निलंग्याचा माणूस, किनवटची भाषा

१ नोव्हेंबर १९५६ या दिवशी मराठवाड्याच्या दोन टोकांच्या दोन तालुक्यांचे जिल्हे बदलले. दक्षिणेकडचा निलंगा बीदर जिल्ह्यातून निघून उस्मानाबादेत आला. पैनगंगेकाठचा, सागवानी जंगलाचा किनवट आदिलाबाद जिल्ह्यातून निघून नांदेडला जोडला गेला. हैदराबाद राज्य त्या दिवशी संपले आणि त्याचे तीन तुकडे तीन भाषांच्या राज्यांत गेले. निलंगा पुढे १९८२ साली नव्या लातूर जिल्ह्यात गेला, किनवट नांदेडातच राहिला. या दोन गावांचा एकमेकांशी तसा काही व्यवहार नव्हता. ना बाजार एक, ना नदी एक, ना सोयरीक. तरीही भाषेच्या इतिहासात ही दोन नावे एकत्र घ्यावी लागतात, ती सेतुमाधवराव पगडी यांच्यामुळे.

पगडींचा जन्म २७ ऑगस्ट १९१० रोजी निलंग्यात झाला. मराठी वाचक त्यांना ओळखतो तो शिवकाळाचा आणि मोगल-मराठा संघर्षाचा अभ्यासक म्हणून. औरंगजेबाच्या छावणीतल्या फारसी अखबारांतून मराठ्यांचा इतिहास वेचून मराठीत आणणारा, उर्दू काव्याचा रसिक भाष्यकार, महाराष्ट्राच्या गॅझेटियरचे काम पाहिलेला अधिकारी, ‘जीवनसेतू’ या आत्मचरित्राचा लेखक आणि १९९२ चे पद्मभूषण, एवढी ओळख सर्वांना असते. पण याच पगडींच्या नावावर आणखी तीन पुस्तके आहेत आणि ती मराठवाड्यात फारशी कुणी उघडलेली नाहीत. आदिलाबादच्या गोंडांवरचे एक पुस्तक, १९५० साली हैदराबादेत छापलेले कोलामी भाषेचे व्याकरण आणि १९५४ साली आलेले गोंडी भाषेचे व्याकरण. तिन्ही इंग्रजीत आहेत. विसाव्या शतकात मराठवाड्याच्या माणसाने केलेल्या भाषाविषयक कामात यांची जागा फार वरची आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

हे काम कशातून उभे राहिले ते समजून घ्यायचे तर १९४० च्या आदिलाबादेत जावे लागते. तेव्हाचा आदिलाबाद जिल्हा पैनगंगेपासून गोदावरी-प्राणहितेपर्यंत पसरलेला होता आणि किनवट, राजुरा हे तालुके त्याच्याच पोटात होते. पश्चिमेला मराठी, पूर्वेला तेलुगू, कचेरीत उर्दू आणि मधल्या डोंगरांत गोंडी व कोलामी. राजगोंड इथे शतकानुशतके राहत होते. स्वतःला ते कोइतूर म्हणतात. त्यांच्याशेजारी कोलाम. या मातीतल्या जुन्या देवांचे पुजारीपण गोंडांनी त्यांच्याकडेच ठेवलेले, त्यामुळे गोंड त्यांना पुजारी म्हणूनच ओळखत. आणि त्यांच्याबरोबर परधान, म्हणजे गोंडांचे गायक आणि वंशकथा सांगणारे.

निजामी राजवटीत या डोंगरांवर दोन बाजूंनी दाब आला. एका बाजूने जंगलखाते. राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या, फिरती शेती बंद झाली, रेषेच्या आत सापडलेली गावे उठवली गेली. दुसऱ्या बाजूने पट्टे. रेल्वे आणि सडका आल्या, कापसाला भाव आला, तसे मैदानातले शेतकरी, सावकार आणि वतनदार वर चढू लागले. गोंडांची बरीचशी जमीन ‘शिवाई जमाबंदी’वर होती. दरसाल सारा भरायचा, पण मालकीचा कागद नाही. कागद ज्याच्या हाती त्याची जमीन, असा कायदा आला तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेल्या शेताचा मालक भलताच निघू लागला. अर्ज उर्दूत, पंचनामा उर्दूत, निकाल उर्दूत. ज्याची जमीन जात होती त्याला त्या कागदावर काय लिहिले आहे हे विचारायलाही दुसऱ्याचे तोंड लागत होते.

यातूनच कुमरम भीम उभे राहिले. चित्रपटामुळे हे नाव अलीकडे देशभर पोचले आहे. पण पडद्यावरची कथा बरीचशी कल्पनेतली आहे. खरे भीम आसिफाबादजवळच्या डोंगरांतले गोंड. बारा गावांसाठी जमीन आणि जंगलाचा हक्क मागत त्यांनी जोडेघाटला माणसे जमवली. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा आज त्यांच्याच नावाने दिली जाते. बोलणी फिसकटली आणि १९४० मध्ये निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात भीम आणि त्यांचे साथीदार मारले गेले. बंड मोडले. मात्र सरकारला एक प्रश्न पडला: शांत म्हणून ओळखले जाणारे हे लोक शस्त्र घेऊन उभे का राहिले?

उत्तर शोधण्याचे काम ज्यांच्याकडे गेले ते योगायोगानेच हैदराबादेत होते. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ. १९३६-३७ मध्ये ते नागा डोंगरांत राहून आले होते. १९३९ साली पुन्हा भारतात आले आणि दुसरे महायुद्ध पेटले. खिशात जर्मन पारपत्र, म्हणजे ब्रिटिशांच्या लेखी शत्रुराष्ट्राचा माणूस. त्यांना हैदराबाद राज्याच्या हद्दीत राहण्याची मुभा मिळाली. मग त्यांनी याच हद्दीतल्या आदिवासींचा अभ्यास सुरू केला: आधी नल्लमलाचे चेंचू, मग गोदावरीकाठचे रेड्डी आणि १९४१ पासून आदिलाबादचे राजगोंड. पत्नी बेट्टी यांच्यासह ते उतनूरच्या डोंगरातल्या मारलवाई या गावात येऊन राहिले. गोंडी शिकले. निजाम सरकारात त्या वेळी विल्फ्रिड ग्रिगसन होते. बस्तरच्या माडिया गोंडांवर पुस्तक लिहिलेला हा ब्रिटिश अधिकारी या लोकांना जाणत होता. हायमेनडॉर्फ यांच्या अहवालांना दरबारात कान मिळाला तो त्यांच्यामुळे.

अहवालांचे सार थोडक्यात असे: आधी जमीन द्या, मग शाळा द्या आणि शाळा त्यांच्या भाषेत द्या. जमिनीसाठी ‘लावणी खास’चे नियम वापरून गोंड आणि कोलाम कुटुंबांना हजारो एकरांचे पट्टे दिले गेले. १९४६ मध्ये, म्हणजे १३५६ फसलीत, आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र कायदा आला. केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी येऊन गाऱ्हाणी ऐकायची, हा नागोबा दरबारही त्याच दशकातला. मेसराम कुळाची ही जत्रा पौषात भरते आणि दरबार अजून होतो.

शाळेची गोष्ट अधिक थांबून सांगण्यासारखी आहे. १९४३ साली मारलवाईत गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र सुरू झाले. अडचण पहिल्याच पायरीवर होती: शिकवायला गोंड माणूस हवा, तर लिहिता-वाचता येणारे गोंड हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांचेही अक्षरज्ञान मराठीचे. म्हणून लिपी देवनागरी ठरली. गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली. त्यांत गोंडांच्याच गोष्टी होत्या, त्यांच्याच देवांच्या, गावांच्या, पिकांच्या. तरुण गोंड काही महिने शिकायचे आणि डोंगरातल्या एखाद्या गावात जाऊन कुडाच्या शाळेत शिकवायला लागायचे. गुरुजी आपल्या भाषेत बोलतो, हा अनुभव इथल्या गोंड मुलांच्या वाट्याला तोपर्यंत आला नव्हता. मराठवाड्यातल्या मराठी मुलांनाही त्या काळात पुढचे शिक्षण उर्दूतूनच घ्यावे लागत होते, हे लक्षात घेतले म्हणजे मारलवाईची शाळा किती पुढची होती ते कळते.

भाषेचे हे काम चालू असताना तिचा शास्त्रशुद्ध नकाशा मात्र कोरा होता. ग्रिअर्सन यांचा भारतीय भाषांचा प्रचंड सर्वेक्षण-ग्रंथ तेव्हा सर्वांच्या हाताशी होता. त्याच्या चौथ्या खंडात गोंडी आणि कोलामीचे नमुने आहेत. पण निजामाचे राज्य त्या सर्वेक्षणात धरलेच नव्हते. त्यामुळे वऱ्हाड आणि मध्य प्रांतातली बोली ग्रंथात होती आणि पैनगंगा ओलांडली की पान रिकामे. किनवटचा गोंड आणि कोलाम काय बोलतो याची छापील नोंद जवळजवळ नव्हती.

पगडी या रिकाम्या जागेत आले. हैदराबादच्या मुलकी सेवेतले ते अधिकारी; १९४८ च्या पोलीस कारवाईच्या आगेमागे आदिलाबादेत आदिवासींसाठीच्या कामावर होते. कन्नड, तेलुगू, उर्दू, फारसी, मराठी या भाषांवर त्यांची पकड होती. गोंडी आणि कोलामी या दोन्ही द्राविड कुळातल्या. मराठीतून आलेल्या माणसाला त्या परक्या वाटतील, पण कन्नड-तेलुगू येणाऱ्याला त्यांत ओळखीचे चेहरे दिसतात. गोंडी माणूस उंदी, रंड, मुंद, नालुंग असे मोजतो तेव्हा तेलुगू कानाला तीन आणि चार लगेच पटतात. पगडींनी ही भाषा हिशेबापुरती शिकून सोडली नाही. नामाला प्रत्यय कसे लागतात, क्रियापद कसे चालते, लिंगभेद कसा ठरतो, हे त्यांनी पद्धतशीर मांडले. दौऱ्यावरच्या अधिकाऱ्याला अर्जदाराचे म्हणणे दुभाष्याशिवाय कळावे, ही त्यामागची अगदी व्यावहारिक गरज होती. पण केलेले काम त्या गरजेच्या पुष्कळ पुढे गेले.

त्याचा पुरावा परदेशात मिळतो. ऑक्सफर्डचे टी. बरो आणि कॅलिफोर्नियाचे मरे एमेनो यांनी द्राविड भाषांचा व्युत्पत्तिकोश केला. एमेनो यांनी स्वतः वर्ध्याकडच्या कोलामीवर पुस्तक लिहिलेले होते. तरीही त्यांच्या कोशात कोलामी शब्दांपुढे जागोजागी पगडींच्या व्याकरणाचा हवाला येतो आणि किनवटच्या कोलामीची वेगळी खूण येते. जगभरचा भाषाअभ्यासक तमिळ-कन्नडच्या प्राचीन रूपांचा माग काढताना नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याचे नाव वाचतो. आपल्याकडे किती जणांना हे ठाऊक आहे?

या कथेत परधानांकडे वेगळे पाहायला हवे. आदिलाबाद-किनवट भागातल्या परधानांची घरची भाषा मराठी. पण गोंड यजमानाच्या दारात, देवकार्यात, अंत्यविधीत ते उभे राहिले की गोंडी गातात. तीन तारांची किंगरी, पेपरे हे सूरवाद्य आणि ढोल. पहांदी कुपार लिंगाल यांची, गुहेत कोंडलेल्या देवांच्या सुटकेची, चार-पाच-सहा-सात भावांच्या कुळांची मोठमोठी आख्याने त्यांच्या तोंडी असतात. म्हणजे चुलीपाशी मराठी आणि देवापुढे गोंडी. एका समाजाची स्मृती दुसऱ्या समाजाने, आपल्या घरच्या भाषेहून वेगळ्या भाषेत, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. मराठी बोलणाऱ्यांनी दुसऱ्या भाषेवर इतके प्रेम केल्याचे दुसरे उदाहरण शोधून सापडणार नाही. पुढे आदिलाबादच्या गुंजाला गावात गोंडीची स्वतंत्र लिपी असलेली हस्तलिखिते उजेडात आली, ती परधान घरांनी जपलेली. त्या लिपीला २०१८ साली युनिकोडमध्येही जागा मिळाली.

शाळा आणि भाषा यांचे नाते किती निरनिराळ्या वाटांनी जाऊ शकते, हे पाहायला सुमात्रा बेटाकडे एकदा नजर टाकावी. त्याच्या पश्चिम भागात मिनांगकाबाऊ लोक राहतात. घर आणि वडिलोपार्जित जमीन तिथे आईच्या कुळातून मुलीकडे जाते. मुलगे मोठे झाले की गाव सोडून परमुलखात नशीब काढायला जातात. डच सरकारने त्यांच्या बुकिटिंग्गी गावात १८५६ साली शिक्षकांची शाळा काढली. तिथे शिकवायची भाषा मलय होती, मिनांगकाबाऊ नव्हे. १९०१ साली मलयचे रोमन लेखन फान ओफाउसेन यांनी ठरवले, त्यांचे साहाय्यक मिनांगकाबाऊ शिक्षक होते. १९२२ ची ‘सिटी नुरबाया’ ही गाजलेली कादंबरी लिहिणारे मारा रुस्ली याच गावच्या शाळेतले. इंडोनेशियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष मोहम्मद हट्टाही बुकिटिंग्गीचेच. म्हणजे या लोकांनी देशाची भाषा घडवली आणि आपली भाषा घरी ठेवली. तिच्यात शाळा नव्हती, तरी ती टिकली. आजही लाखो लोक ती बोलतात. कारण उघड आहे. कुळाची जमीन सहजासहजी विकता येत नव्हती, घर आईचे होते आणि ते हलत नव्हते. पोरगा जकार्ताला जाऊन मलयमध्ये कादंबरी लिहो, परतायला गाव शिल्लक होते.

गोंडांचे उलटे झाले. शाळा त्यांच्या भाषेत निघाली, पण पायाखालची जमीन निसटत राहिली. हायमेनडॉर्फ यांनी जमीन आधी आणि शाळा नंतर असा क्रम लावला होता तो याचसाठी.

१९५६ च्या पुनर्रचनेने या सगळ्यावर रेषा मारली. तेलुगू बोलणारा मुलूख आंध्रात, मराठी बोलणारा मुंबई राज्यात. किनवट नांदेडात आला, नांदेडचा मुधोळ आदिलाबादला गेला. राजुरा आधी नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये तिथून चांदा जिल्ह्यात गेला. तीन वर्षांत एकाच तालुक्याला तीन जिल्हे. भाषावार राज्ये ही मराठी माणसाची रास्त मागणी होती आणि मराठवाड्याने तिच्यासाठी मोल मोजले आहे. पण रेषा आखताना मोजल्या गेल्या त्या मराठी आणि तेलुगू एवढ्याच भाषा. गोंडी आणि कोलामी त्या तराजूत घातल्याच गेल्या नाहीत. ज्यांची कुळे, देव आणि सोयरिकी डोंगराच्या दोन्ही उतारांवर होत्या, ते लोक एका रात्रीत दोन राज्यांचे रहिवासी झाले.

परिणाम लगेच दिसला. पलीकडे शाळा तेलुगू झाल्या. मारलवाईत घडलेले गोंड शिक्षक देवनागरी जाणणारे, त्यांच्या गोंडी पुस्तकांना नव्या व्यवस्थेत जागा उरली नाही. अलीकडे किनवटात शाळा मराठी झाल्या. गोंडी वाचनपुस्तकांची लिपी इथल्या मुलांना सोयीची होती, तीच पुस्तके पुढे चालवता आली असती. पण कुणी चालवली नाहीत. एक भाषा, एक प्रदेश आणि दोन्हीकडे वर्गात तिला बंदी नसूनही प्रवेश नाही. दहा-बारा वर्षांचा प्रयोग कागदावर संपवावा लागला नाही, तो आपोआप थांबला.

जमिनीचा ताणही सरला नाही. १९७६ च्या कायद्याने आंध्रातले लंबाडे, म्हणजे आपले बंजारे, तेलंगण भागातही अनुसूचित जमातींत आले. महाराष्ट्रात ते विमुक्त-भटक्यांच्या यादीतच राहिले. एकच समाज, सीमेच्या दोन बाजूंना दोन याद्या. साहजिकच इकडची अनेक गरजू कुटुंबे तिकडे गेली आणि गोंडांच्या जमिनींवरचा भार वाढला. दोन गरीब समाज समोरासमोर आले, दोष मात्र त्या यादीचा आणि रेषेचा होता. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीत जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. जोडेघाटनंतर चाळीस वर्षांनी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. हायमेनडॉर्फ १९७० च्या दशकात पुन्हा आदिलाबादेत आले तेव्हा आपल्या डोळ्यांदेखत उभे राहिलेले काम विस्कटलेले त्यांनी पाहिले आणि १९८२ च्या पुस्तकात ते कळकळीने नोंदवले. बेट्टी १९८७ मध्ये वारल्या. त्यांची समाधी मारलवाईतच आहे.

भाषा मात्र पूर्ण विझलेली नाही. दिवाळीत दंडारी निघते, मोरपिसांचे टोप घातलेले घुसाडी नाचतात, किनवट-माहूरच्या गोंड वस्त्यांतही ढोल वाजतो. २०११ च्या जनगणनेत देशभरात गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार लोक होते, कोलामी सांगणारे जेमतेम १ लाख २८ हजार. गोंडीची संख्या मोठी दिसते, पण ती सहा-सात राज्यांत विखुरलेली आहे आणि प्रत्येक राज्यात तिच्यावर दुसऱ्या भाषेचे छत आहे. कोलाम तर महाराष्ट्राच्या विशेष असुरक्षित तीन जमातींपैकी एक, कातकरी आणि माडियांच्या बरोबरीने. आठव्या अनुसूचीत दोन्ही भाषा नाहीत.

किनवटला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, तालुक्यात आश्रमशाळा आहेत. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ आहे. त्याची स्थापना १९९४ ची आणि पगडी गेले तेही १९९४ मध्येच. पगडींची गोंडी आणि कोलामी व्याकरणे अजून मराठीत नाहीत. मूळ भाषा देवनागरीत लिहिता येते, ज्यांच्यासाठी हवी ती मुले देवनागरी वाचतात, लिहिणारा आपल्याच मातीतला होता आणि किंगरी वाजवणारे परधान अजून किनवटात आहेत. नांदेडच्या विद्यापीठाने आणि लातूरच्या इतिहासप्रेमींनी मिळून ही दोन पुस्तके मराठीत आणावीत, परधानांची आख्याने ध्वनिमुद्रित करावीत आणि किनवटच्या आश्रमशाळांत पहिली-दुसरीला गोंडी आणि कोलामी वाचनपुस्तके पुन्हा द्यावीत. १९४३ मध्ये कुडाच्या शाळेत जे जमले होते, ते आज न जमण्याचे कारण नाही.